पांढऱ्या रेषेपलीकडे

दूरचे जवळ आणणारे भिंग कॅमेऱ्याला लावले, की माणसाच्या अंगात एक प्रकारचा अधाशीपणा संचारतो. देवळाच्या शिखरावरचा पोपट, नदीच्या पलीकडच्या काठावर धुणे धुणारी बाई, सारे ओढून आपल्या पुढ्यात आणावे असे वाटते. आरसा बसवलेल्या कॅमेऱ्यात ही हौस पुरेपूर भागते. तिथे आपण भिंगातूनच पाहतो. पोपट डोळाभर होतो आणि शिखर, देऊळ, गाव सगळे नाहीसे होते.

माझ्याकडे मामांचा जुना रेंजफाइंडर आहे. वेट्झलारच्या लाइट्झ कंपनीने १९५४ साली बाजारात आणलेला लायका एम-३. त्याची तऱ्हा निराळी. पाहायची खिडकी वेगळी, भिंग वेगळे. ५० मिलिमीटरचे भिंग काढून १३५ चे लावा, खिडकीतले जग तसूभरही जवळ येत नाही. फक्त मध्यभागी एक लहानशी पांढरी चौकट आपोआप उमटते आणि ५० ची मोठी चौकट तिच्याभोवती तशीच राहते. धाकटीचे क्षेत्र थोरलीच्या सातव्या हिश्श्याएवढे. माझे एक स्नेही तीत डोकावून म्हणाले, “अहो, या पोस्टाच्या तिकिटात तुम्ही पाहता तरी काय?”

त्यांची तक्रार खोटी नाही. एवढ्याशा जागेत चेहऱ्यावरचा भाव टिपणे कठीण. मागची भिंत फोटोत पुसट होणार की नाही, तेही कळत नाही. खिडकीत सगळेच सारखे स्पष्ट. म्हणूनच १९६३ साली १३५ चे एक भिंग चक्क चष्म्यासकट निघाले. तो चष्मा खिडक्यांपुढे येऊन चित्र दीडपट मोठे दाखवी.

तरी मला ती तिकिटाएवढी चौकट आवडते. आत घेतलेले आणि बाहेर ठेवलेले, दोन्ही तिच्यामुळे एकाच वेळी दिसते. जे सोडायचे ते डोळ्यांदेखत सोडावे लागते.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. वाटण्या झाल्यापासून आई आणि दादा यांचे बोलणे थांबले होते. एकाच वाड्यात दोन चुली. त्या दिवशी आई ओसरीवर तांदूळ निवडत बसली होती. कॅमेरा जवळ नेला की ती पदर सारखा करून पुतळ्यासारखी बसते, म्हणून मी पंचवीस फुटांवर विहिरीपाशी उभा राहिलो. तेवढ्या अंतरावरून १३५ च्या भिंगात साडेसहा फूट रुंदीची जागा मावते. ५० च्या चौकटीत अठरा फुटांची अवघी ओसरी.

चौकट आईवर धरली आणि तिच्याबाहेर, डावीकडच्या दारात, मला दादा दिसला. आईची मान खाली होती, माझा डोळा कॅमेऱ्याला. आपल्याकडे कोणी पाहत नाही असे त्याला वाटले असावे. तो तिच्याकडे पाहत राहिला. मग दोन पावले पुढे आला. आणखी एक. पांढऱ्या रेषेला लागून थांबला. मला कॅमेरा डावीकडे वळवता आला असता, हाकही मारता आली असती. पण पुढचे पाऊल त्याचे त्यालाच टाकायचे होते. मी श्वास धरून वाट पाहिली. ते पडले नाही. तो वळणार असे दिसले तेव्हा मी बटण दाबले.

या चौकटीची आणखी एक खोड आहे. ती जवळच्या अंतराच्या हिशेबाने आखलेली असते. लांबचा फोटो घेतला, की रेषेच्या आतले तर फिल्मवर येतेच, शिवाय कडेचे थोडेसे बाहेरचेही येते. फिल्म धुऊन आली तेव्हा डाव्या कडेला एका पावलाची बोटे उमटली होती.

स्टुडिओवाला म्हणाला, “सर, मोठा करताना हे कडेचे कापून टाकतो.”

मी म्हटले, “राहू द्या.”

आईने फोटोत स्वतःला क्षणभरच पाहिले. मग कडेवर बोट ठेवून विचारले, “हा कधी आला होता रे?” मी सांगितले. ती काही बोलली नाही.

तो फोटो आता तिच्या खोलीत नुसत्या काचेमागे आहे. लाकडी चौकट बसवून आणतो म्हटले, तर तिने नको म्हटले. चौकटीखाली कड झाकली जाते, म्हणाली.