मुक्याची साक्ष

वकिलीचा धंदा पत्करलेल्या माणसास एक खोड जडते. कोणी काही सांगू लागले की ते खरे की खोटे, हा विचार त्याच्या मनात मागाहून येतो. आधी येतो तो 'यास साक्षीदार कोण?' हा. आम्हीही या खोडीतून सुटलेलो नाही. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात ११९ वे कलम मुक्या साक्षीदाराविषयी होते. ज्यास बोलता येत नाही त्याने लिहून अथवा खुणा करून दिलेली जबानी तोंडी पुराव्याप्रमाणेच मानावी, असे ते सांगे. त्या कायद्याची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली. तथापि मुक्या साक्षीदाराची सोय नव्या कायद्यातही राहिली आहे. अर्थात ती माणसांपुरती. घोड्याने कान सैल सोडले, खालचा ओठ लोंबू दिला आणि एक मागला पाय अलगद टेकवून डोळे अर्धे मिटले, तर ती जबानी कोणत्या कलमाखाली नोंदवावी? हा प्रश्न आम्हापुढे कोगनोळीस उभा राहिला.

कोगनोळी हे पुणे-बेंगळुरू महामार्गावरचे, कागल सोडून दूधगंगेचा पूल ओलांडला की लागणारे कर्नाटकातील पहिले मोठे गाव. वृत्तपत्रांच्या वाचकांस हे नाव ठाऊक आहे ते बहुधा नाक्यामुळे. करोनाच्या दिवसांत २०२१ साली येथे प्रवाशांची प्रमाणपत्रे तपासली जात, आणि बेळगावच्या मेळाव्यास निघालेले महाराष्ट्रातील पुढारीही येथेच अडविले जातात. परंतु नाक्यापासून थोडे आत शिरले की गाव आपल्या उद्योगात असते. शेतात तंबाखू आणि ऊस, कचेरीतला कागद कन्नडात, आणि ओसरीवरचे भांडण मराठीत. अशाच एका ओसरीवर आमचे एक जुने पक्षकार राहतात. गाव त्यांना आण्णा म्हणते, म्हणून आम्हीही म्हणतो. दोन एकर जमीन आणि वरातीची एक पांढरी घोडी, एवढ्यावर त्यांचे घर चालते.

एका वैशाखातल्या वरातीत ही घोडी बिथरली. पुढे कर्ण्यांच्या भिंती लादलेली गाडी, मागे फटाक्यांची माळ, आणि मध्ये ती. नवरदेव पडला नाही हे त्याचे नशीब. घोडी मात्र त्या दिवसापासून निराळीच झाली. कोणी दावे हाती घेतले की अंगाला घाम फुटे. चंदी समोर असून ती तोंड लावीना. रस्त्यावर मालगाडीचा भोंगा वाजला की भिंतीस अंग घासून उभी राही. निपाणीच्या पशुवैद्यांनी तपासून सांगितले की शरीरास दुखापत नाही, भीती आहे, आणि भीतीस वेळ लागतो. आण्णांस वेळ देणे परवडणारे नव्हते. लग्नसराईच्या सुपाऱ्यांवर त्यांनी सोसायटीचे कर्ज घेतले होते.

आषाढात त्यांच्याकडे एक बाई येऊ लागल्या. त्या निवृत्त शिक्षिका. मुंबईस मुलाकडे असताना त्या रेकी शिकून आल्या होत्या. रेकी ही मूळची जपानची. मिकाओ उसुई या गृहस्थांनी १९२२ साली क्योटोनजीकच्या कुरामा पर्वतावर उपवास व ध्यान केले, आणि तेथून ही पद्धती निघाली, अशी परंपरा सांगते. पुढे हवायो टाकाटा नावाच्या बाईंनी १९३० नंतरच्या दशकात ती हवाई बेटांत नेली आणि तेथून ती जगभर पसरली. विश्वातील प्राणशक्ती तळहातांतून दुसऱ्याच्या देहात उतरते, हे तिचे गृहीतक. पाश्चात्त्य देशांत ती घोड्यांवरही चालविणारे पुष्कळ आहेत.

बाईंची रीत आम्ही स्वतः पाहिली. त्या प्रथम दहा पावलांवर उभ्या राहत आणि घोडीकडे टक लावून पाहत नसत. घोडीने मान वळवून फुत्कार टाकला की दोन पावले पुढे येत. ती मागे सरली तर त्याही मागे सरत. पाचव्या-सहाव्या दिवशी आयाळ जेथे संपते त्या उंचवट्यावर त्यांचा तळहात टेकला, आणि अर्धा तास तो तेथेच राहिला. श्रावण उजाडेपर्यंत घोडी त्यांची चाहूल लागताच मान खाली घालू लागली. गावात दोन तट पडले. एक म्हणे शक्ती आहे, दुसरा म्हणे थोतांड आहे. आणि दोघांनीही एके सकाळी आम्हास गाठून विचारले, "वकीलसाहेब, तुम्हीच सांगा, हे खरं का खोटं?"

घोडी शांत झाली, ही वस्तुस्थिती. ती कशाने शांत झाली, हा निष्कर्ष. न्यायालयात ज्या दोन गोष्टी वेगळ्या ठेवण्यात आमचे निम्मे आयुष्य जाते त्या याच. शक्तीच्या बाजूचा युक्तिवाद असा की माणूस श्रद्धेने बरा होईल, पण घोड्यास श्रद्धा कुठली? हा युक्तिवाद सकृद्दर्शनी बिनतोड वाटतो. परंतु घोड्यांच्या इतिहासात त्याचे उत्तर आहे. १९०४ साली बर्लिनमध्ये हान्स नावाच्या घोड्याने मोठी कीर्ती मिळविली होती. त्याचे धनी फॉन ऑस्टेन यांनी बेरीज विचारावी आणि घोड्याने खूर आपटून अचूक उत्तर द्यावे. फुंग्स्ट नामक अभ्यासकाने कसून परीक्षा घेतली तेव्हा असे दिसले की विचारणारास उत्तर ठाऊक नसले की घोड्यासही ते येत नसे. योग्य आकडा आला की विचारणाराचे मस्तक नकळत किंचित हले, आणि घोडा तेवढ्यावर थांबे. त्यात लबाडी कोणाचीच नव्हती. घोड्यास गणित येत नव्हते, माणूस वाचता येत होता.

२००९ साली स्वीडनमधील संशोधकांनी याच गुणाची दुसरी बाजू दाखविली. घोडा धरून चालणाऱ्या माणसांना त्यांनी सांगितले की या खेपेस घोड्यासमोर एकदम छत्री उघडली जाईल. छत्री उघडली गेलीच नाही. तरी माणसाच्या छातीचे ठोके वाढले आणि त्याच्याबरोबर घोड्याचेही वाढले. विसाव्यात असलेल्या घोड्याचे हृदय मिनिटास साधारण २८ ते ४४ वेळा पडते; शेजारच्या माणसाची धास्तीही ते गतिमान करते. मग शेजारच्या माणसाची शांती त्यास कळत असेल, यात नवल काय? तळहाताची जागाही अर्थपूर्ण आहे. घोडे एकमेकांची अंगे दातांनी खाजवितात ती बहुधा मानेच्या बुडाशी, त्याच उंचवट्याजवळ. १९९३ साली फ्रान्समधील कामार्ग जातीच्या घोड्यांवर प्रयोग झाला. त्या जागी खाजविले असता हृदयाची गती उतरली. अंगावर दुसरीकडे खाजविले असता तसे झाले नाही.

हे सारे आम्ही ओसरीवर सांगितले आणि एक साधी तपासणी सुचविली. आण्णांच्या पुतण्याने, ज्यास रेकीचा गंधही नाही, बाईंप्रमाणेच उभे राहावे, तेवढाच वेळ, तेथेच हात ठेवून. पोराने चार दिवस तसे केले. चौथ्या दिवशी घोडीचे कान सैल पडले आणि तिने मागला पाय टेकविला. एका घोडीवरून आणि एका पोरावरून शास्त्र सिद्ध होत नाही, हे आम्ही जाणतो. तरी विरोधी तटाने टाळ्या पिटल्या. बाई मात्र हसून म्हणाल्या, "मग चांगलंच झालं की! त्यालाही येतं म्हणायचं. पण वकीलसाहेब, माझ्या आधी इथं रोज अर्धा तास कोण उभं राहिलं होतं, तेवढं सांगा." आमच्यापाशी या उलटतपासणीस उत्तर नव्हते, आणि ओसरीवर कोणापाशीच नव्हते.

मराठी मुलखास हे अर्ध्या तासाचे काम एके काळी चांगले अवगत होते. त्यास खरारा म्हणत. मोतद्दार पहाटे उठून घोड्यास खरारा करी, त्यास चुचकारी, त्याच्याशी बोले. घोड्याची चंदी आणि पाणी आधी, त्याची भाकरी मागाहून. शालिहोत्राच्या नावाने चालत आलेली अश्वविद्या पोथ्यांत होती, तिचा व्यवहारातला अंश या अनामिक मोतद्दाराच्या तळहातात होता. सोळाव्या शतकात अरबी घोडे होर्मुझहून गलबतांत कोंडून गोव्यास उतरविले जात आणि घाट चढून विजयनगराकडे नेले जात. समुद्राने भ्यालेल्या त्या जनावरांस प्रथम कोणी हात लावला असेल, त्याचे नाव कोणत्याही दप्तरात नाही. गोव्याच्या शिगम्यात कमरेस लाकडी घोडा बांधून घोडेमोडणी नाचणारा गडी आजही दिसतो. नाचणाराने क्षणभर घोडाच व्हावे, ही कल्पना ज्या समाजास सुचली त्यास घोड्याचे मन अगदीच परके नसावे.

जुना उजेड पाहण्यास फार दूर जावयास नको. कोगनोळी पूर्वी ज्या चिकोडी तालुक्यात मोडत असे, त्याच तालुक्यात कृष्णेकाठी अंकली आहे. तेथील शितोळे सरकारांचे दोन अश्व दरवर्षी ज्येष्ठात पायी निघून सुमारे ३०० किलोमीटर चालत आळंदीस पोहोचतात आणि ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीपुढे पंढरपुरापर्यंत जातात. हैबतबाबा आरफळकरांनी हा सोहळा उभारला तेव्हापासून शितोळ्यांची ही सेवा आहे. एका अश्वावर जरीपटका घेतलेला स्वार असतो. दुसऱ्याच्या पाठीवर कोणीही बसत नाही, कारण ती जागा माउलींची. चांदोबाच्या लिंबाचे उभे रिंगण असो की बाजीरावाच्या विहिरीजवळचे, लाखो माणसांच्या गजरात हे अश्व धावतात आणि दौड संपताच त्यांच्या टापांखालची माती कपाळी लावण्यास झुंबड उडते. जेथे माणूस गुदमरावा तेथे घोडा सावरून उभा राहतो. त्यामागे बारा महिन्यांचा सराव आहे, ओळखीचा हात आहे, आणि 'हे जनावर पूज्य आहे' असे मानणारी माणसे भोवती आहेत. वरातीच्या घोडीच्या वाट्यास गर्दी येते. तिला पूज्य मानणारा कोणी भेटत नाही.

भाद्रपदात एका रात्री घोडीचे पोट दुखू लागले. ती वारंवार कुशीकडे वळून पाही, खुराने जमीन उकरी, बसे आणि लोळे. घरातली माणसे बाईंकडे धावली. त्या आल्या, घोडीकडे एकदा पाहिले आणि म्हणाल्या, "आधी डॉक्टरांना फोन लावा. हे माझ्या हातातलं काम नव्हे." घोड्यास उलटी करता येत नाही, पोटात वायू कोंडला वा आतड्यास पीळ पडला तर काही तासांत प्राणावर बेतते. डॉक्टर निपाणीहून येईतो बाई घोडीच्या डोक्याशी उभ्या राहिल्या, आणि नाकातून नळी पोटात उतरविली जात असतानाही तेथून हलल्या नाहीत. पहाटे घोडीने लीद टाकली तेव्हा आण्णांच्या डोळ्यांस पाणी आले. आमच्या लेखी त्या रात्री वादाचा निकाल लागला. दिलासा आणि औषध यांच्या हद्दी ज्यास ठाऊक आहेत, त्याच्या हाताविषयी आमची तक्रार नाही. ज्यास त्या ठाऊक नाहीत, त्याचा हात कितीही मायेचा असला तरी तो उपचाराची वेळ घालवील आणि जीव घेईल.

खरा पेच पुढेच होता. कार्तिकात तुळशीची लग्ने लागली आणि सुपाऱ्या येऊ लागल्या. घोडी शांत झाली होती, म्हणजे पुन्हा जुंपण्यास योग्य झाली होती, असे आण्णांच्या घरच्यांचे म्हणणे. आम्हास ते टोचले. जनावराचे भय घालवावयाचे, ते कशासाठी? त्याच भयाच्या जागी त्यास परत उभे करण्यासाठी? मग तो मायेचा हातही लगामाचाच एक प्रकार ठरतो. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आपल्या तिसऱ्या कलमात सांगतो की ज्याच्या ताब्यात प्राणी आहे त्याने त्याचे स्वास्थ्य राखण्याचे आणि त्यास विनाकारण वेदना होऊ न देण्याचे सर्व वाजवी उपाय योजावे. पण पाठीवर कर्ज असलेल्या माणसास नुसते कलम वाचून दाखविणे हा आम्हास शहाणपणा वाटत नाही. बाईंनी आण्णांस एवढेच विचारले, "आण्णा, ती तुमच्यावर विश्वास ठेवायला लागलीय. त्या विश्वासाचं काय करणार?"

आण्णा दोन दिवस काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी आमच्याकडे येऊन म्हणाले, "वकीलसाहेब, एक कागद करून द्या." तो कागद आम्ही केला, फी अर्थातच घेतली नाही. त्यात चार अटी आहेत. घोडीपुढे कर्ण्यांची गाडी चालणार नाही. ताशा आणि सनई चालेल. वरातीत फटाके उडणार नाहीत. दोन तासांवर घोडी उभी राहणार नाही. यांपैकी काही मोडल्यास घोडी तेथूनच परत फिरेल आणि घेतलेली रक्कम परत मिळणार नाही.

त्या लग्नसराईत कागद वाचून पाच सुपाऱ्या परत गेल्या आणि सात राहिल्या. कर्जाचा एक हप्ता थकला. तो आण्णांनी उसाच्या बिलातून भागविला. घोडी सातही वराती चालली. आता पुतण्या रोज सकाळी खरारा करतो, बाई गुरुवारी येतात, आणि शक्ती की थोतांड हा वाद ओसरीवर अद्याप चालूच आहे. घोडीस त्यात रस दिसत नाही. अर्धा तास होण्यापूर्वी कोणी हात काढला, तर ती मान वळवून पाहते.