टर्नपाईकवर काम चालू आहे

आमचे ‘हे’ दरवर्षी ऑक्टोबरच्या अखेरीला ओहायोला जायचे. गाण्याच्या अधिवेशनाला. “कसली गाणी?” असं कुणी विचारलं की उत्तर मी द्यायची, “अहो, विज्ञानकथा वाचणारी मोठी माणसं जमतात आणि रॉकेटवर गाणी म्हणतात. पोरखेळ नुसता!” हे हसायचे. पुढे पुढे त्यांनी मला त्याबद्दल काही सांगणं सोडलं आणि मी विचारणं.

न्यू जर्सी ते कोलंबस म्हणजे सव्वापाचशे मैल. शुक्रवारी पहाटे एकटेच निघायचे, सोमवारी रात्री उशिरा परत. मी जेवण गरम करता करता विचारायची, “इतका उशीर?” उत्तर ठरलेलं असायचं: “टर्नपाईकवर काम चालू होतं.” रस्ता म्हटला की दुरुस्ती आलीच, त्यामुळे मला कधी शंका आली नाही.

२०२३ च्या मार्चमध्ये हे गेले. त्यानंतर तिकडच्या मंडळींचं एक कार्ड आलं. चाळीस-पन्नास जणांच्या सह्या, आणि खाली एक ओळ: तुम्ही कधीतरी या. ते कार्ड मी फ्रिजवर लावलं. येता-जाता दिसायचं. गेल्या ऑक्टोबरात मनाचा हिय्या केला आणि गाडी काढली. लेक म्हणाली, “आई, एवढ्या लांब एकटी? विमानानं जा ना!” पण मला यांच्यासारखंच जायचं होतं.

या गाण्यांना ‘फिल्क’ म्हणतात. १९५० च्या दशकात कुणीतरी लेखात ‘फोक’ लिहिताना टाईपची चूक केली, आणि या मंडळींनी ती चूकच नाव म्हणून उचलली. ‘ओहायो व्हॅली फिल्क फेस्ट’ १९८४ पासून भरतो. पुष्कळदा चाल जुनी आणि शब्द नवे असतात. आपल्याला यात नवल वाटायला नको. जुन्या संगीत नाटकांच्या पुस्तकात प्रत्येक पदावर ‘चाल –’ असं छापलेलं असायचंच की! आणि विडंबन म्हणाल तर अत्र्यांची ‘झेंडूची फुले’ वाचून आपण वाढलो.

रात्री हॉटेलच्या एका खोलीत खुर्च्यांचं रिंगण करून मंडळी बसतात. पाळी येईल त्यानं तीनपैकी एक करायचं: स्वतः गायचं, दुसऱ्या कुणाला फर्माईश करायची, नाहीतर ‘पास’ म्हणायचं. थोडक्यात गाण्याच्या भेंड्याच, फक्त कुणावर भेंडी चढत नाही. बेसूर गाणाऱ्यालाही तितक्याच टाळ्या मिळतात. आपल्या अधिवेशनांत आपण पाहुण्या कलाकारांना ऐकायला जातो. इथे मात्र जो तो गायलाच आलेला.

शुक्रवारी रात्री मी दोनदा ‘पास’ म्हटलं. शनिवारी एक लांब पांढऱ्या वेणीचा गिटारवाला म्हणाला, “आता आपण लोणच्याचं गाणं म्हणू.” आणि सगळं रिंगण गायला लागलं. पुस्तक नाही, कागद नाही, सगळ्यांना पाठ! गाण्यातल्या अंतराळवीराच्या बायकोनं यानात लोणच्याची बरणी दिलेली असते. बरणी फुटते, तेल आणि फोडी केबिनभर तरंगतात, यंत्रं बंद पडतात, यान वाट चुकतं. शेवटी त्या लोणच्याच्या वासाचा माग काढत बायकोच त्याला घरी आणते.

मी खाली मान घालून बसले. १९८४ साली लग्न होऊन मी केनेडी विमानतळावर उतरले, तेव्हा आईनं दिलेलं कैरीचं लोणचं माझ्या बॅगेत फुटलं होतं. नऊवारी-सहावारी सगळ्या साड्या तेलात. मी तिथेच रडले होते. नंतर उभ्या जन्मात तो विषय मी कुणाला काढू दिला नाही. यांनी तो घरी काढला नाही खरा, पण तीस-पस्तीस वर्षं इथे शंभर तोंडांनी गायला लावला! आधी राग आला. मग लक्षात आलं की गाण्यात हसं झालंय ते अंतराळवीराचं. बायको सगळ्यांत शहाणी.

रविवारी शेवटच्या बैठकीत माझी पाळी आली तेव्हा मी ‘पास’ म्हटलं नाही. गाता येत नसलं तरी फर्माईश करता येते. म्हटलं, “ते लोणच्याचं पुन्हा एकदा.”

समारोप रविवारी दुपारीच झाला. मी गोंधळले. रविवारी दुपारी संपतं, तर हे सोमवारी रात्री कसे पोचायचे? मी वेणीवाल्याला विचारलं. तो हसला, “तो कधी सरळ घरी जायचा नाही. जुन्या रस्त्यानं जायचा.” आणि त्यानं कॉफीच्या नॅपकिनवर मला यांचे थांबे लिहून दिले.

तो नॅपकिन शेजारच्या सीटवर ठेवून मी निघाले. पहिला थांबा झेन्सव्हिल. तिथे दोन नद्यांच्या संगमावर इंग्रजी ‘वाय’च्या आकाराचा पूल आहे. पहिला १८१४ सालचा, आताचा १९८४ चा. पुलाच्या मध्यावर जाऊन डावीकडे वळा, असं रस्ता सांगणारं दुसरं गाव कुठे असणार! मी दोनदा फेरी मारली, कारण पहिल्यांदा हसू आवरलं नाही.

पुढे न्यू कॉन्कर्ड, अंतराळवीर जॉन ग्लेन यांचं गाव. १९६२ साली पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले अमेरिकन. यांची श्रद्धा तिथे असणारच. मला मात्र आठवल्या त्यांच्या पत्नी, ॲनी. त्या इतक्या अडखळत बोलायच्या की फोन करणं म्हणजे त्यांना शिक्षा. १९७३ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्यांनी त्यावर उपचार घेतले आणि मग मोकळेपणी बोलायला लागल्या. संध्याकाळच्या उन्हात त्या शांत रस्त्यावर गाडी उभी करून मी विचार करत बसले. माझी जीभ कधी अडखळली नाही. तीच तर अडचण झाली. ‘पोरखेळ’ हा शब्द किती सहज बाहेर पडला होता!

रात्र व्हीलिंगला काढली. तिथला १८४९ चा झुलता पूल बांधला तेव्हा जगात सर्वांत लांब होता. २०१९ पासून त्यावर गाड्या सोडत नाहीत. सकाळी काठावरून त्याला बघितलं आणि पिट्सबर्गचं वेंकटेश्वराचं देऊळ गाठलं. नॅपकिनवर तेही होतं! चिंचेचा भात आणि दहीभात खाल्ला. इथला प्रसाद यांनी घरी कधी आणला नाही. आणला असता तर चोरी पकडली गेली असती.

मग रूट ३०, जुना लिंकन हायवे. डोंगर लाल-पिवळे झालेले. मागे कुणी घाई करत असलं की बाजूला थांबून त्याला पुढे सोडायचं, एवढंच काम. शँक्सव्हिलजवळ ११ सप्टेंबर २००१ ला पडलेल्या विमानाचं स्मारक आहे. तिथे ९३ फूट उंचीचा एक मनोरा आहे, त्यातल्या ४० जणांसाठी ४० नाद करणाऱ्या नळ्यांचा. वारा आला तरच वाजतो. मी गेले तेव्हा वारा पडलेला होता. पंधरा मिनिटं उभी राहिले. मग एकच नळी वाजली, खोल. दुसरी वाजेल म्हणून आणखी थांबले. नाही वाजली. पण वाट बघण्यात काही वाया गेल्यासारखं वाटलं नाही.

हे आम्हाला टाळत होते का, हा प्रश्न सकाळपासून मनात होता. नोकरी, घराचे हप्ते, लेकीचे क्लासेस, मंडळाची कामं, माझी बडबड, या सगळ्यांतून वर्षाकाठी दीड दिवस त्यांनी स्वतःसाठी बाजूला काढला होता. ‘मला एकट्याला भटकायचंय’ असं सांगितलं असतं तर मी काय म्हटलं असतं, ते मला माहीत आहे. त्यांनाही माहीत होतं.

शेवटचा थांबा बेडफर्ड. तिथे १९२७ साली बांधलेली, अठरा फूट उंचीची कॉफीची किटली आहे. एके काळी त्यात खाण्याचं दुकान होतं. मी गावात कॉफी घेतली आणि त्या किटलीसमोर बसून निवांत प्यायले. उन्हं कलत होती. इथून टर्नपाईक जवळच, आणि पुढे साडेचार तासांत घर.

फोन वाजला. लेक होती. “आई, अगं आहेस कुठे? एव्हाना पोचायला हवी होतीस! सगळं ठीक आहे ना?”

मी नॅपकिनची घडी घालून पर्समध्ये ठेवली.

“ठीक आहे गं. उशीर होईल जरा,” मी म्हटलं, “टर्नपाईकवर काम चालू आहे.”