समासातील नोंदी

युरोपात मोटारहोम घेऊन हिंडावयाचे तर दोन गोष्टी लागतात: वाहन चालविणारा आणि मुक्काम ठरविणारा. पहिले काम चिरंजीवांकडे होते. ते नोकरीनिमित्त नेदरलँड्समधील आइंडहोवन येथे राहतात, आणि साडेतीन टनांपर्यंतचे मोटारहोम तेथे साध्या मोटारीच्या परवान्यावर चालविता येते. दुसरे काम, म्हणजे मुक्कामांची मार्गदर्शिका मांडीवर घेऊन बसण्याचे, माझ्याकडे आले. बँकेत छत्तीस वर्षे परिपत्रके वाचली असल्याने बारीक टाइपाची भीती उरलेली नाही.

मोटारहोमच का, हे सांगितले पाहिजे. रात्रिभोजनत्याग आणि कंदमूळत्याग हे आमच्या सौ.चे नियम लग्नाच्याही आधीपासूनचे. सहल कंपन्या ‘जैन जेवण’ देतात, हे खरे. पण बस रात्री नऊला हॉटेलात पोहोचली तर त्या जेवणाचा उपयोग काय? म्हणून चिरंजीवांची निमंत्रणे पाच वर्षे परत जात होती. “पाहायचं राहिलं तर राहिलं, नियम राहिला पाहिजे,” एवढेच ती म्हणे. चाकांवरचे स्वयंपाकघर ही कल्पना सुनेची. चातुर्मास लागण्यापूर्वी परतायचे, या अटीवर होकार मिळाला आणि मे महिना ठरला.

एसीएसआय ही १९६५ साली नेदरलँड्समध्ये सुरू झालेली संस्था. कॅम्पिंगच्या जागांची निरीक्षकांकडून दरवर्षी प्रत्यक्ष पाहणी करून ती मार्गदर्शिका काढते. वार्षिक तपासणी हा शब्द वाचूनच माझा त्या पुस्तकावर विश्वास बसला. प्रत्येक जागेच्या नोंदीत उघडण्याच्या व बंद होण्याच्या तारखा, अक्षांश-रेखांश, विजेची क्षमता किती अँपिअर, आणि सोयींची लांबलचक यादी आकड्यांच्या सांकेतिक भाषेत. ही भाषा उलगडून दाखविणारे पान वेगळे. पहिले दोन दिवस मी ते पान सारखे उघडत होतो. तिसऱ्या दिवसापासून आकडे आपोआप बोलू लागले.

याच संस्थेचे सवलतीचे कार्डही पुस्तकासोबत मिळते. गर्दीचा हंगाम सोडून, म्हणजे मुख्यतः जुलै-ऑगस्ट वगळून, दोन प्रौढांना ठरावीक दरात जागा, वीज व स्नानाची सोय मिळते. त्यात एक कुत्राही धरलेला असतो, तो आमच्याजवळ नव्हता. कार्ड कोणत्या तारखांना चालेल ते प्रत्येक जागेखाली छापलेले असते, आणि त्या तारखांमध्ये मे महिन्यात मध्येच खिंडारे दिसतात. कारण ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाचा सण, जो ईस्टरच्या हिशेबाने नेहमी गुरुवारी येतो, आणि त्यानंतर दहा दिवसांनी येणारा पेंटेकोस्ट. या दिवसांत जर्मन व डच कुटुंबे जोडून सुट्ट्या घेतात. तेव्हा सवलत नाही. तिथी पाहून प्रवास आखण्याची सवय असलेल्या आपल्या माणसांना हे शिकवावे लागत नाही.

काही नोंदींत ‘७ = ६’ असे छापलेले आढळले. वाणिज्य शाखेची पदव्युत्तर पदवी घेतलेल्या माणसाने हे समीकरण मुकाट्याने मान्य करावे काय? अर्थ इतकाच की सात रात्री राहिल्यास सहांचेच पैसे. सौ.ला ते फार आवडले. “तुमच्या बँकेनं असं कधी केलं?” तिने विचारले. मी पान उलटले.

कॅम्पिंगखेरीज मुक्कामाचे आणखीही प्रकार आहेत. जर्मनीत ‘श्टेलप्लात्स’, फ्रान्समध्ये ‘एर’: ही मोटारहोम उभे करण्याची साधी ठिकाणे, बहुधा गावाच्या कडेला, पाणी भरण्याची व सांडपाणी सोडण्याची सोय असली तर असते. या जागांच्या मार्गदर्शिका वेगळ्या. फ्रान्समध्ये १९९३ पासून ‘फ्रान्स पॅसिऑं’ नावाची आणखी एक सुंदर व्यवस्था चालते. वर्षाची वर्गणी भरून पुस्तिका व वाहनास लावण्याची चिकटपट्टी घ्यायची, की शेतकरी आपल्या आवारात एक रात्र विनामूल्य राहू देतात. खरेदीची सक्ती नाही. मात्र यजमानांच्या उत्पादनांची यादी वाचताना सौ.चा चेहरा पाहण्यासारखा झाला. एकाकडे द्राक्षमद्य, दुसऱ्याकडे मांसाचे पदार्थ, तिसऱ्याकडे मध. श्रावकाच्या मूलगुणांत ज्या तीन मकारांचा त्याग सांगितला आहे, ते तिन्ही एकाच पानावर! शेवटी आल्सासमध्ये सफरचंदांची बाग असलेला एक यजमान सापडला. त्याच्या झाडांखाली आम्ही एक रात्र राहिलो आणि निघताना रसाच्या चार बाटल्या घेतल्या.

परंतु पुस्तकाची खरी कसोटी लागली ती मोझेल नदीच्या खोऱ्यात, त्या स्वर्गारोहणाच्या गुरुवारी. दर पूर्ण लागणार हे ठाऊक होते. महामार्गावर दोन तास खोळंबा होईल हे कोणत्या पुस्तकात लिहिलेले असणार? कोखेमच्या अलीकडच्या ठरलेल्या जागी पोहोचलो तेव्हा सात वाजले होते आणि दारात ‘बेलेग्ट’, म्हणजे जागा भरल्याची पाटी होती. सौ. दुपारी बारानंतर जेवली नव्हती. तिचा नियम सूर्यास्तापूर्वी दोन घटिका, अठ्ठेचाळीस मिनिटे, आटोपण्याचा. चालत्या गाडीत चूल पेटविता येत नाही, आणि नदीकाठच्या त्या अरुंद रस्त्यावर गाडी कोठेही उभी करता येत नाही.

“आज उपवास समजू,” ती शांतपणे म्हणाली. सून मात्र रडवेली झाली.

मार्गदर्शिकेत त्या भागाचा नकाशा होता आणि नदीच्या वळणावळणावर क्रमांक टाकलेले होते. मी एकेक क्रमांक वाचत गेलो, चिरंजीव दूरध्वनी करीत गेले. दोन ठिकाणी नकार, तिसऱ्या ठिकाणी होकार. आठला दहा मिनिटे असताना गाडी गवतावर उभी राहिली. पाहतो तो सूर्य द्राक्षमळ्यांच्या उभ्या डोंगराआड गेलेला! चिरंजीवांनी मोबाइलवर सूर्यास्त सव्वानऊनंतर असल्याचे दाखविले. “आई, अजून वेळ आहे.” ती म्हणाली, “अरे, मी नियम घड्याळापुढं घेतला नव्हता.” मी काही बोललो नाही, हा हिशेब माझ्या अखत्यारीतला नव्हे. ती खाली उतरली, नदीच्या पलीकडे पाहत उभी राहिली. समोरच्या उतारावर वरच्या ओळींतील वेलींवर स्वच्छ ऊन होते. “तिकडं आहे ना ऊन, मग झालं,” असे म्हणून तिने गॅस पेटविला. सव्वाआठला आमचे उप्पीट खाऊन झाले होते.

दुसऱ्या दिवसापासून नकाशा तिच्या हाती गेला. डोंगर कोणत्या बाजूला आणि नदीचा कोणता काठ, हे पाहून ती मुक्काम निवडू लागली. हे कोणत्याही आकड्यात येत नाही.

पाण्याविषयी थोडे सांगतो. पिण्याचे पाणी व धुण्याचे पाणी यांचे नळ वेगळे असतात आणि ‘ट्रिंकवासर’ ही अक्षरे प्रथम शोधावी. तिने ते पाणीही गाळून उकळूनच घेतले. शौचालयाची पेटी नेमलेल्या जागीच रिकामी करायची, भांड्यांचे पाणी दुसऱ्या जागी. पेटीचे ठिकाण पुस्तकात स्वतंत्र दर्शविलेले असते. पहिल्या दिवशी ही पेटी उचलताना मला संकोच वाटला. सौ. म्हणाली, “अहो, उत्सर्ग समिती म्हणजे आणखी काय?” त्यानंतर ते काम मी कोणाला करू दिले नाही.

तूप मात्र येथून नेता येत नाही. युरोपीय संघात बाहेरून दूधदुभत्याचे पदार्थ सामानातून आणण्यास मनाई आहे. ते आम्ही तिकडेच घेतले.

चिरंजीवांचे म्हणणे, हे सारे मोबाइलमध्ये असते, पुस्तक कशाला? असेलही. पण टेबलावर उघडलेल्या एका पानावर चौघांची डोकी एकत्र येतात, आणि त्याला समास असतो. आमच्या प्रतीचा समास सौ.च्या अक्षरांनी भरला आहे: ‘एक ते तीन फाटक बंद, वामकुक्षी’, ‘दुकानात मसूर मिळाली’, ‘नदीकाठी दिव्याभोवती किडे फार, बाहेर दिवा लावू नये’. एका पानावर आडवे लिहिले आहे: ‘पावसानंतर पहाटे पायवाटेवर तांबड्या, बोटभर लांब, शंख नसलेल्या गोगलगायी. खाली पाहून चालावे.’ त्या पहाटे स्नानगृहापर्यंतची साठ पावले चालायला तिला दहा मिनिटे लागली होती. समोरून येणाऱ्या एका वृद्ध जर्मन बाईंनी तिचे काही हरवले आहे असे समजून त्याही वाकून शोधू लागल्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. सौ.ने बोट दाखविले, बाई हसल्या, आणि मग दोघी मिळून वाट काढीत गेल्या.

यंदा सांगलीचे एक परिचित दांपत्य निघाले आहे. त्यांच्याही घरी हेच नियम. कार्ड त्या वर्षापुरतेच असल्याने त्यांना नवे पुस्तक घ्यावेच लागेल, तरी आमची जुनी प्रत त्यांनी मागून नेली. देण्यापूर्वी सौ.ने पेन्सिलीने लिहिलेल्या नोंदी दोन दुपारी बसून शाईने गिरविल्या.