स्पेनमध्यें आमचा ओनामा

परकी भाषा शिकावयाची ती इंग्रजीच्याच द्वारें, अशी आपल्याकडील विद्यार्थ्यांची दृढ समजूत असते. पुस्तकें इंग्रजींत, कोश इंग्रजींत, मोबाइलवरील पाठही बहुधा इंग्रजींत. तेव्हां या समजुतीबद्दल कोणास बोल लावतां येत नाहीं. आमचेही स्पॅनिशचे पहिले चाळीस पाठ याच वाटेनें झाले होते. सन २०२३ च्या ऑक्टोबर महिन्यांत ज्येष्ठ भगिनींसह स्पेन देशांत पंधरा दिवस राहण्याचा योग आला. तेथें भाषेसंबंधीं जें कांहीं अनुभवास आलें तें विद्यार्थी वाचकांस रुचेल अशा आशेनें हा लेख लिहीत आहों.

पहिले चार दिवस माद्रिद शहरीं गेले. राजधानींत स्पॅनिश बोलण्याचा सराव वाटतो तितका सुलभ नाहीं. आम्हीं उपाहारगृहांत शिरावें, मनांत तीनदां घोकलेलें वाक्य उच्चारावें, आणि वाढप्यानें हंसतमुखानें अस्खलित इंग्रजींत उत्तर द्यावें, असा क्रम चालला. त्या गृहस्थाचा यांत कांहींच अपराध नाहीं. त्याचीं दहा गिऱ्हाइकें खोळंबलेलीं. नवशिक्याचें क्रियापद सांपडेपर्यंत थांबण्यास त्यास सवड कोठून असणार? आपल्या अभ्यासासाठीं प्रवाशानें दुसऱ्याचा वेळ किती खर्च करावा, हा प्रश्न कोणत्याही पाठ्यपुस्तकांत नसतो. परंतु परदेशीं जाऊन तेथील भाषा बोलूं पाहणाऱ्यास तो पहिल्याच दिवशीं भेटतो. आम्हीं आपल्यापुरता नियम करून टाकला: जेथें रांग आहे तेथें इंग्रजी, अथवा नुसतें बोट दाखविणें, जेथें रांग नाहीं तेथें स्पॅनिश. यामुळें बागेंतील बांकांवर बसलेलीं वृद्ध माणसें, लहान वस्तुसंग्रहालयांचे पहारेकरी, आणि सकाळची गर्दी ओसरल्यावर पावाच्या दुकानांतील बाई, हे आमचे गुरुजन झाले.

या बाईंच्या दुकानांत एक मौज ध्यानांत आली. पावास स्पॅनिशमध्यें ‘पान’, बटाट्यास ‘पाताता’, चावीस ‘यावे’, आणि पैसे चुकते करणें यास ‘पागार’! आपले पाव, बटाटा, चावी, पगार हे शब्द पोर्तुगीजांनीं येथें आणले. गोवें त्यांनीं १५१० मध्यें घेतलें व वसई त्यांच्याकडे १५३४ मध्यें गेली. पोर्तुगीज ही तर स्पॅनिशची सख्खी बहीण. म्हणजे जे शब्द आम्ही इंग्रजी कोशांत शोधीत होतों, त्यांचीं भावंडें आमच्या स्वयंपाकघरांत नांदत होतीं.

शब्दांचें एक असो. वाक्यरचनेंत हें साम्य अधिकच नवलाचें वाटलें, आणि येथें तर पोर्तुगीजांचा कांहीं संबंध नाहीं. इंग्रज मनुष्य “मी कॉफी आवडतों” अशा धर्तीवर बोलतो. आवडणाऱ्यास तो कर्ता करतो. स्पॅनिश मनुष्य ‘मे गुस्ता एल काफे’ म्हणतो, म्हणजे अक्षरशः “मला कॉफी आवडते”. इंग्रजीच्या पाठांत या एका क्रियापदासाठीं चार पानें खर्ची घातलेलीं असतात! तसेंच, आपण “घर पाहतों” पण “बहिणीला पाहतों” म्हणतों. निर्जीवास प्रत्यय नाहीं, माणसास ‘ला’ हा प्रत्यय. स्पॅनिशही माणसापूर्वीं ‘आ’ हें अव्यय घालते आणि घरापूर्वीं घालीत नाहीं. “येतों” म्हटलें कीं “मी” वेगळें म्हणावें लागत नाहीं, हीही सोय तिकडे आहे. सर्वच असें सोपें आहे असें मात्र कोणीं समजूं नये. “आहे” या एका शब्दासाठीं त्यांचीं दोन क्रियापदें आहेत, आणि त्यांतील भेद पंधरा दिवसांत पचण्यासारखा नव्हे.

पांचव्या दिवशीं आम्ही दक्षिणेस ग्रानादा येथें आलों. तेथील लोक शब्दाच्या अंतींचा ‘स’ गिळतात. त्यामुळें पुस्तकी स्पॅनिश शिकलेल्यास पुण्याहून एकदम मालवणांत उतरल्यासारखें होतें. ‘दोस’ म्हणजे दोन. त्याचें तेथें ‘दो’ होतें, आणि क्षणभर आपण हिंदी ऐकत आहों असा भास होतो. आमचें बिऱ्हाड आल्बाइथिन या जुन्या टेकडीवरील वस्तींत होतें. समोर दरीपलीकडे आलांब्राचे तांबूस बुरूज, आणि पायांखालीं गोट्यांच्या उभ्या चढणीच्या गल्ल्या. दुसऱ्याच रात्रीं ताईंचा गुडघा सुजला. “अरे, पाऊल टेकवत नाहीं रे,” एवढेंच त्या म्हणाल्या. पण ताई सहसा तक्रार करीत नाहींत.

स्पेनमध्यें रात्रीं पाळीपाळीनें कांहीं औषधालयें उघडीं ठेवतात. हिरव्या क्रूसाचा दिवा पाहून एकांत शिरलों. आंत एक प्रौढ बाई एकट्याच होत्या, आणि त्यांस इंग्रजी येत नव्हतें. त्या वेळीं मनांत इंग्रजी वाक्य जुळवून त्याचें भाषांतर करण्यास अवधि नव्हता. मनांत मराठी होतें: “माझ्या बहिणीला गुडघ्यांत दुखतें”. तोंडून आलें: ‘आ मि एर्माना ले दुएले ला रोदिया’. ‘आ मि एर्माना’, बहिणीला; ‘दुएले’, दुखतें. बाईंनीं मान डोलावली व फडताळांतून एक डबी काढली. ताईंस आस्पिरिन सोसत नाहीं. एकदां त्यापायीं श्वास कोंडून त्यांस इस्पितळांत न्यावें लागलें होतें. तें वाक्य मात्र आम्हीं घरून निघतांनाच पाठ केलेलें होतें: ‘एस आलेर्खिका आ ला आस्पिरिना’. बाईंचा हात थांबला. त्यांनीं ती डबी परत ठेवली, दुसरी काढली, तिजवरील ‘पारासेतामोल’ हा शब्द बोटानें दाखविला आणि पुनः एकदां सावकाश विचारलें, “आस्पिरिना, नो?” आम्हीं “नो” म्हटलें. मग दोन बोटें दाखवून त्या म्हणाल्या, “दो वेसे अल दिया”. दिवसांतून दोन वेळां. मागें रांग नव्हती, आणि असती तरीही त्या बाई थांबल्या असत्या असें वाटतें.

गोव्यास १५७९ मध्यें आलेले इंग्रज पाद्री थॉमस स्टीफन्स यांचें ‘ख्रिस्तपुराण’ हें मराठी ओवीबद्ध काव्य १६१६ मध्यें प्रसिद्ध झालें, हें आपण शाळेंत शिकतों. त्यांच्या पहिल्या अडखळत्या वाक्यापाशीं कोणीतरी गोंवेंकर असाच थांबला असेल. त्याचें नांव मात्र कोठें नोंदलेलें नाहीं.

गुडघा उतरण्यास तीन दिवस लागले. त्या अवधींत आम्ही सान निकोलासच्या चौकांतील बांकावर बसून राहूं. शेजारीं एक वृद्ध गृहस्थ रोज येत. ते आम्हांस ‘उस्तेद’ म्हणत, आम्हीही त्यांस ‘उस्तेद’ म्हणत असूं. आपल्या “आपण”सारखाच हा आदराचा शब्द आहे. तिसऱ्या दिवशीं नारिंग सोलतां सोलतां त्यांनीं विचारलें, “आपण दोघें आपसांत कोणती भाषा बोलतां?” आम्हीं सांगितलें. “मग याला त्या भाषेंत काय म्हणतात?” ताईंनीं आमच्याकडे न पाहतांच उत्तर दिलें, “नारिंग”. गृहस्थ चमकले. स्पॅनिशमध्यें ‘नारांखा’; संस्कृत ‘नारंग’ फारशी व अरबी भाषांतून तिकडे पोंचलेला, आणि ग्रानादांत तर अरबी भाषिकांचें राज्य १४९२ पर्यंत होतें. एवढें सर्व सांगण्याइतकी स्पॅनिश आमच्यापाशीं नव्हती. त्यांनीं मात्र तो शब्द दोनदां आपल्याशींच उच्चारून पाहिला, आणि अर्धें नारिंग ताईंच्या हातावर ठेविलें.