दुःखाच्या तारखा

6 मे 2022 रोजी सकाळी 10 वाजता कोल्हापूर 100 सेकंद थांबलं. राजर्षी शाहू महाराजांना जाऊन त्या दिवशी 100 वर्षं झाली होती. मीही दसरा चौकात मान खाली घालून उभा होतो. महाराजांच्या पुढाकारानं 1906 साली मुस्लिम बोर्डिंग उभं राहिलं. ते नसतं तर आमच्या किती घरांत पाटी-पेन्सिल आली असती, हा विचार मनात येत राहिला.

फेब्रुवारी 2015 मध्ये सकाळी फिरायला गेलेल्या कॉम्रेड गोविंद पानसरेंवर गोळ्या झाडल्या गेल्या. 20 तारखेला ते गेले. त्यानंतर इथली माणसं 'निर्भय मॉर्निंग वॉक'ला निघाली. आपलं माणूस गेलं की या शहराला रडता येतं. पण आपल्याच माणसांनी दुसऱ्याला रडवलं, तर ती तारीख कोणी लक्षात ठेवायची?

जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरापुढे हाच प्रश्न होता. 13 फेब्रुवारी 1945 च्या रात्री तिथं बॉम्बवर्षाव सुरू झाला. त्यात सुमारे 25,000 माणसं मेली. पुढे नव्या नाझींनी त्या दिवशी मोर्चे काढून मेलेल्यांचं राजकारण मांडलं. 2010 पासून हजारो नागरिक हातात हात घालून मानवी साखळी करू लागले. रात्री पावणेदहाला चर्चच्या घंटा वाजतात. पण याच शहरात 9 नोव्हेंबर 1938 ला ज्यूंचं प्रार्थनास्थळ जाळलं गेलं होतं. शहर ती तारीखही पाळतं. आपलं दुःख सांगताना आपण दिलेलं दुःख लपवायचं नाही, एवढंच ते शिकलं.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. करबलाचा गम तेराशे वर्षांहून जुना, दूर इराकातला. तरी कोल्हापुरात मोहरमचे पंजे हिंदू तालमींतही बसतात, हिंदू खांद्यांवरून निघतात. दुसऱ्याचं दुःख खांद्यावर घ्यायची या शहराला सवय आहे.

म्हणूनच 14 जुलै 2024 सलते. त्या दिवशी विशाळगडाच्या पायथ्याशी गजापुरात जमावानं मुसलमानांची घरं फोडली, मशिदीची नासधूस केली. खासदार शाहू छत्रपती तिथं गेले, लोकांचे अश्रू त्यांनी पाहिले. पण ही तारीख फक्त आमच्या मोहल्ल्याची राहिली, तर तिचं गाऱ्हाणं होईल आणि गाऱ्हाण्याचा वापर करणारे दोन्हीकडे भेटतील. ती सगळ्या जिल्ह्याची झाली, तरच तिची आठवण होईल. त्यासाठी 100 सेकंदही पुरेत.