न भरून येणारी पोकळी

मराठी शोकसभेत एक वाक्य कोणी तरी म्हणतेच: अमुक यांच्या जाण्याने न भरून येणारी पोकळी निर्माण झाली आहे. तात्यांच्या शोकसभेत, मेढ्यात, ते आम्हीच म्हटले. आम्ही दोघेही मराठीचे प्राध्यापक; विद्यार्थ्यांच्या निबंधात असले वाक्य आले की त्याखाली लाल रेघ ओढणारे. पण माईक हाती आल्यावर दुसरे काही सुचले नाही. त्या वाक्यानंतर तात्यांच्या काटकसरीचा एक किस्साही आम्ही सांगितला. गाडीला हौसेने बसवलेला एसी त्यांनी दोनच वर्षांत काढून टाकला होता, पेट्रोल वाचावे म्हणून. सभेतली माणसे हसली. आई मागे बसल्या होत्या.

तात्या हे आमच्यापैकी एकीचे वडील, गावातच शिक्षकी करून निवृत्त झालेले. त्यांची गाडी 1997 सालची मारुती 800. तीन सिलिंडर, 796 सीसी, आणि पेट्रोल-हवेचे मिश्रण करायला साधा कार्ब्युरेटर. 1983 च्या डिसेंबरात या गाडीचा जन्म झाला आणि जानेवारी 2014 मध्ये तिचे उत्पादन थांबले, तरी साताऱ्याच्या बाजूला ती अजून वरचेवर दिसते. तात्यांमागे ही गाडी आमच्याकडे आली ती एक खोड घेऊन. इंजिन तापले की पायाखाली अॅक्सिलरेटर नसतानाही ते घोंगावत राही. या गाडीत इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा नसतो, त्यामुळे जे काही कळे ते कानानेच. पण आठशे-नऊशे फेऱ्यांवर विसावायला हवे ते इंजिन त्याच्या दुपटीने धावते आहे, हे काव्यशास्त्रात मुरलेल्या कानांनाही कळत होते.

पहिल्या मेकॅनिकने स्लो-स्पीडचा स्क्रू सैल केला. आठ दिवस बरे गेले. नंतर थंड इंजिन अडखळू लागले, म्हणून दुसऱ्याने मिश्रणात पेट्रोल वाढवले. अडखळणे थांबले आणि घोंगावणे परत आले. तिसऱ्याने कार्ब्युरेटर उघडून धुतला. आम्ही तिघांनाही पैसे दिले आणि घरी येऊन तिघांनाही नावे ठेवली. जुनी गाडी आहे, असे व्हायचेच, हा आमचा निष्कर्ष तर आधीपासूनच तयार होता. कवितेचा अर्थ लागला नाही की कवीच्या दुर्बोधतेवर बोट ठेवून मोकळे होण्याची आमच्या व्यवसायातली सोय गाडीलाही लागू पडते.

मग एका रविवारी महाबळेश्वरहून केळघर घाटाने उतरताना ती सोय संपली. उतारावर पाय काढला की इंजिनाने गाडीला मागे ओढायचे असते. आमचे इंजिन तिला पुढे ढकलत होते. वळणावळणावर ब्रेक दाबून चाकांतून करपल्याचा वास येऊ लागला आणि मागच्या सीटवर आई दोन्ही हातांनी पुढची सीट धरून बसल्या. केळघरला चहा घेताना आम्ही गाडी भंगारात द्यायचे ठरवले. आई काहीच बोलल्या नाहीत.

भंगारवाल्याकडे नेण्यापूर्वी ती मेढ्यातल्याच एका वयस्कर मेकॅनिकला दाखवली, तीही केवळ आईंच्या समाधानासाठी. त्यांनी कोणत्याच स्क्रूला हात लावला नाही. आधी अॅक्सिलरेटरची केबल सैल आहे ना, चोक पूर्ण मिटला आहे ना, हे पाहिले. मग एअर फिल्टर काढून चालू इंजिनाच्या कार्ब्युरेटरचे तोंड तळहाताने गच्च झाकले. इंजिन तत्क्षणी गुदमरून बंद पडायला हवे होते. ते धडपडत, खोकत, पण चालत राहिले.

"सर, एअर घेतीय गाडी. कार्ब्युरेटरचा काय दोष न्हाई."

पाठीवर ऊन घेत आम्ही तासभर त्यांच्याकडून जे शिकलो ते असे. पिस्टन खाली जाताना हवा ओढतो. कार्ब्युरेटरमधली पाकळी मिटलेली असली की ती हवा पुरेशी आत येऊ शकत नाही आणि पाकळीपलीकडच्या मॅनिफोल्डमध्ये पोकळी तयार होते. ही पोकळी म्हणजे नुसता अभाव नव्हे. तिच्याच ओढीने मंद चालीला लागणारे पेट्रोल बारीक भोकातून वर येते. एक भाग पेट्रोलला वजनाने सुमारे 14.7 भाग हवा, असा सगळा हिशेब असतो. पाकळीच्या पुढे कुठे चीर पडली, तर तिथून शिरणारी हवा या हिशेबात धरलेलीच नसते. मिश्रण पातळ होते आणि इंजिन अडखळते. त्यावर कोणी पेट्रोल वाढवले, की जादा हवेला जादा पेट्रोल मिळते आणि पाकळी मिटलेली असूनही इंजिन धावत सुटते. म्हणजे दुसऱ्या मेकॅनिकने आम्ही सांगितले तेच केले होते.

जुन्या पोथीचे उदाहरण आम्हांला तिथेच आठवले. 1584 मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा त्यांच्यापुढे प्रश्न होता तो मध्येच शिरलेल्या मजकुराचा. ही हवा तशीच, प्रक्षिप्त. पण ती शिरली कुठून?

मेकॅनिकनी रबरी नळीचा तुकडा घेतला, एक टोक कानाशी धरले आणि दुसरे सांध्यासांध्यावरून फिरवले. मग कार्ब्युरेटरच्या बुडाच्या गॅस्केटवर साबणाचे पाणी शिंपडले. आवाज बदलला नाही. मग पकडीने एकेक नळी चिमटून पाहिली, तरीही नाही. शेवटी मॅनिफोल्डच्या मागच्या अंगाला, जिथे नळीच नव्हती तिथे, त्यांनी बोट टेकवले आणि इंजिन एकदम खाली आले. बोट काढले, घोंगावले. टेकवले, निवले. त्यांनी ते आमच्याकडूनही करवून घेतले. बोटाचे टोक आत ओढले जाते, चांगले जोराने.

तिथे पितळेची आखूड नळी होती. एसी चालू झाल्यावर इंजिन दबू नये म्हणून फेरे वाढवणारी एक यंत्रणा असते. तिची नळी इथे जोडलेली असणार. एसी काढताना हे तोंड उघडे पडले होते आणि ते सायकलच्या ट्यूबचा तुकडा दुमडून, वर तांब्याची तार गुंडाळून बंद केलेले होते. तारेचे वेढे एकाला एक लागून, मोजून घातल्यासारखे. तात्यांच्या वह्यांची बांधणी अशीच असे. रबर मात्र उष्णतेने वाळून चिरले होते.

वीस रुपयांची रबरी टोपी बसली. स्लो-स्पीड आणि मिश्रणाचे दोन्ही स्क्रू मूळ जागी आणायला मात्र अर्धा तास गेला, कारण तिघांच्या दुरुस्त्या एकावर एक चढल्या होत्या.

घरी आलो तेव्हा आई ओसरीवर होत्या. इंजिन चालूच होते, पण त्यांना ते ऐकू आले नाही. "बंद पडली का?" त्यांनी विचारले. आम्ही त्यांच्या हातात तो ट्यूबचा तुकडा दिला आणि एसीचे भोक कसे गळत होते ते सांगितले.

"माझ्यामुळं काढला त्यांनी एसी," त्या म्हणाल्या. "गार हवेनं मला रात्रभर खोकला लागायचा. तुम्ही सभेत पेट्रोलाचं म्हणालात, तेव्हा म्हटलं, जाऊ दे, एवढ्या माणसांत कुठं बोलायचं."

तारेचा एक वेढा सुटला होता. तो त्यांनी नखाने पुन्हा दाबून बसवला आणि तुकडा कोनाड्यात ठेवला.