प्रवाशाची टाकी आणि गावाचा तलाव

नागपूरहून पूर्वेकडे निघून सुमारे २९० किलोमीटरचा रस्ता तोडून आपण रायपुरास पोहोचलात, तर आपण परक्या मुलखात आलो असे फारसे वाटणार नाही. हा प्रदेश एके काळी नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता, आणि १९५६ पर्यंत नागपूर व रायपूर ही दोन्ही शहरे एकाच राज्यात नांदत होती. रायपुरातून बिलासपूरच्या रस्त्याला लागलात की शहराची वस्ती विरळ होते न होते तोच सिलतरा येते.

सिलतऱ्याची ओळख पटावयास पाटी वाचण्याची गरज नाही. स्पंज लोहाचे व पोलादाचे कारखाने, त्यांची उंच धुराडी, आणि कोळसा व लोहखनिज यांनी भरलेल्या ट्रकांच्या रांगा ही त्याची खूण. येथील धूळ काळसर. ती झाडाच्या पानावर बसते, घराच्या छपरावर बसते आणि झाकण सैल असेल तर पाण्याच्या टाकीतही उतरते. रस्त्याकडेला उभ्या असलेल्या ट्रकांकडे जरा निरखून पाहा. बहुतेकांच्या बाजूला पाण्याचा एक कॅन बांधलेला दिसेल. चालकाचे घर म्हणजे त्याची गाडी, आणि त्या घराचा रांजण म्हणजे तो कॅन.

आता असे घर चाकांवर घालून हिंडण्याची हौस सुखवस्तू कुटुंबांतही रुजू लागली आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हान पर्यटनाचे धोरण जाहीर केले. अशी एखादी गाडी किंवा मोटारीमागे जोडलेला ट्रेलर घेऊन आपण याच वाटेने अमरकंटकास निघालात, तर बिछाना, चूल, शिधा यांची तयारी आपण कसोशीने कराल. पण ट्रेलरच्या तळाशी असलेल्या पाण्याच्या टाकीची आठवण किती जणांना होते? गेल्या सहलीचे उरलेले पाणी तिच्यात महिनोन् महिने साचून राहिलेले असते. ते दिसावयास नितळ असते, आणि तेथेच आपली फसगत होते. टाकीच्या आतील भिंतीला बोट लावून पाहावे. बुळबुळीत लागले तर समजावे की तेथे जंतूंनी बिऱ्हाड थाटले आहे. उन्हाळ्यात ४० अंशांच्या वर जाणारा येथील पारा त्यांना पोसतो.

उपाय मात्र साधा आणि जुना आहे. आपल्या ग्रामपंचायतींत जिला ‘टीसीएल’ म्हणतात ती ब्लीचिंग पावडर मूळची कापड पांढरे करण्यासाठी १७९९ मध्ये निघाली. पुढे १९०८ मध्ये अमेरिकेतील जर्सी सिटी या शहराच्या पाण्यात क्लोरीन रोज मिसळण्यास प्रारंभ झाला. आपल्याकडे नागपुरास १९५८ मध्ये सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची जी संशोधनसंस्था निघाली, आणि जी आज ‘नीरी’ या नावाने ओळखली जाते, तिने खेड्यातील विहिरींसाठी दुहेरी मडक्याची युक्ती सिद्ध केली. एकात एक ठेवलेल्या दोन मडक्यांत ब्लीचिंग पावडर व जाड वाळू भरून ती विहिरीत सोडली की औषध दोन-तीन आठवडे हळूहळू पाझरत राहते.

टाकीसाठी पुढील क्रम ध्यानी ठेवावा. प्रथम टाकी पूर्ण रिकामी करावी आणि हात पोहोचेल तेथवर घासून धुवावी, कारण मळ राहिला तर क्लोरीन त्याच्यावरच खर्ची पडतो. गाळणीची पुडी काढून ठेवावी. मग दर १०० लिटर पाण्यास ५ टक्के शक्तीचे, सुवास न घातलेले सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण १०० मिलिलिटर या प्रमाणात घ्यावे. ते बादलीभर पाण्यात कालवून टाकीत ओतावे आणि टाकी काठोकाठ भरावी. ताजी ब्लीचिंग पावडर वापरल्यास १५ ग्रॅम पुरते. मात्र ती बादलीत कालवून गाळ खाली बसू द्यावा व वरची निवळीच घ्यावी. नाहीतर नळ्या तुंबतात. नंतर प्रत्येक नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडावा, म्हणजे औषध नळ्यांतही पोहोचते. निदान चार तास, शक्य तर रात्रभर, तसेच ठेवून मग टाकी रिकामी करावी आणि वास जाईपर्यंत स्वच्छ पाण्याने खळखळून धुवावी. दर सहा महिन्यांनी, तसेच गाडी बरेच दिवस उभी राहिल्यावर, हे करावे. हातमोजे घालावेत, आणि या औषधात संडास धुण्याचे आम्ल किंवा व्हिनेगर कदापि मिसळू नये; त्यातून विषारी वायू निघतो. घराच्या गच्चीवरील टाकीलाही हेच प्रमाण लागू आहे. १,००० लिटरच्या टाकीस १५० ग्रॅम पावडर लागेल.

येथवर आपल्या कुटुंबाची काळजी झाली. पण एक प्रश्न उरतोच. टाकीतून काढलेले ते पाणी आपण कोठे सोडणार?

छत्तीसगड हा तलावांचा मुलूख आहे. रायपुरात बुढा तलाव आहे आणि गावोगावी लहानमोठी तळी आहेत. येथील लोक तळ्याला ‘तरिया’ म्हणतात आणि त्याच्या पायऱ्यांना ‘पचरी’. या पायऱ्यांवर माणसे नहातात, बाया कपडे धुतात, गुरे पाण्याला उतरतात आणि तळ्यात मासळी वाढते. रस्त्याकडेच्या उताराने आपले पाणी अशा तळ्यात गेले, तर ज्या औषधाने आपली मुले सुरक्षित झाली त्याच औषधाने तेथील मासे मरतील. क्लोरीनचा अगदी थोडा अंशही माशांना सोसत नाही. म्हणून ते पाणी पिंपांत भरून एक-दोन दिवस उघड्या उन्हात ठेवावे. उन्हाने क्लोरीन विरून जातो. मग तळे, विहीर व पीक यांच्यापासून दूर, मोकळ्या कोरड्या जमिनीवर ते पसरून द्यावे. त्याहून बरे म्हणजे हे काम निघण्यापूर्वीच घरी उरकावे, जेथे ड्रेनेजची सोय असते.

वाचकहो, सिलतऱ्याच्या वाटेवर आपण घटकाभराचे पाहुणे. येथल्या लोकांच्या वाट्याला कारखान्यांची धूळ आधीच आली आहे. तिच्यात आपली भर नको. पाहुण्याने आपला तांब्या स्वच्छ ठेवावा, हे खरेच. पण तो विसळलेले पाणी यजमानाच्या आडात ओतू नये, हेही तितकेच खरे.